नांदूरमधमेश्वरच्या पाण्याचं नियोजन करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यात पाणी कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं हे ठरवणारे अधिकारी साहेब, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला बसणारे सगळे मान्यवर,

स.न.वि.वि.

दरवर्षी १५ ऑक्टोबरचा धरणसाठा धरून तुम्ही रब्बीचं आणि उन्हाळ्याचं नियोजन करता. पिण्याला किती, शेतीला किती, कारखान्यांना किती, आवर्तनं म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या किती आणि कधीपासून. आम्ही शेतकरी त्या बैठकीच्या बातमीची वाटच बघत असतो कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. माझी मागणी त्याच कागदाबद्दल आहे आणि एका ओळीची आहे. नोव्हेंबर ते मार्च नांदूरमधमेश्वरच्या जलाशयाची पातळी एकदम चढणार नाही आणि एकदम उतरणारही नाही, जे काही वरखाली करायचंय ते रोज थोडं थोडं करून होईल, असं त्या नियोजनात लिहून ठेवा. जास्तीचं पाणी मागत नाहीये. आहे तेच पाणी, आहे त्याच कालव्यांना, फक्त चढउतार हळू.

हे मागतोय ते हिवाळ्यात तिथे उतरणाऱ्या पक्ष्यांसाठी. का ते सांगतो, थोडं लांबेल पण शेवटपर्यंत वाचा प्लीज.

मी निफाड तालुक्यातलाच. घरची द्राक्षबाग आहे आणि बागेला पाणी गोदावरीच्या फुगवट्यातनंच, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यातनंच, मोटारीने उचलतो. त्यामुळे पाखरांचं काय घेऊन बसलात, इथं माणसांना पाणी नाही, हे मला बाहेरच्या कुणी ऐकवायची गरज नाही, ते आमच्या घरातच बोललं जातं आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी ते बोलणं मला खोटंही वाटत नाही. पक्षी बघायचा नाद मला कॉलेजपासून लागला आणि तो सुटला नाही.

बंधाऱ्याचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथलं ते दगडी बांधकाम, १९०७ च्या सुमाराचं. डावा आणि उजवा कालवा निघाले, खाली कोपरगाव-राहात्याकडची शेती त्यावर उभी राहिली, मग जलद कालवा झाला आणि पाणी वैजापूर-गंगापूरपर्यंत पोचलं. पण त्याच वेळी मागे दुसरंच काहीतरी घडत होतं. शंभर वर्षं नद्यांनी गाळ आणून टाकला, बंधाऱ्यामागचं पाणी उथळ होत गेलं, मधे बेटं तयार झाली, काठाला पाणकणसाचं रान माजलं आणि हिवाळी पाहुणे उतरायला लागले. पाणी साठवायच्या दृष्टीने गाळ म्हणजे नुकसानच, पण त्याच गाळावर हे सगळं उभं आहे. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अलींनी ह्या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं (भरतपूर म्हणजे राजस्थानातलं पक्ष्यांचं प्रसिद्ध उद्यान), १९८६ ला अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, म्हणून नाव लागलं. त्यानंतर लोणार आलं, मग २०२२ ला ठाण्याची खाडी.

ह्या तिघांत एक मोठा फरक आहे आणि माझ्या पत्राचा सगळा जोर त्यावरच आहे. ठाण्याच्या खाडीत पाणी भरती-ओहोटीने येतं-जातं, ते कुणी बैठक घेऊन ठरवत नाही. लोणारचं पाणी पावसाचं आणि झऱ्यांचं. नांदूरमधमेश्वरला मात्र हिवाळ्यात पाणी किती असेल हे वरच्या, नाशिककडच्या गंगापूर-दारणा धरणांतनं काय सुटलं आणि बंधाऱ्याची दारं किती उघडली यावर ठरतं, म्हणजे माणूस ठरवतो. म्हणून ही विनंती निसर्गाला करून उपयोग नाही, तुम्हालाच करावी लागते.

आता तिथे हिवाळ्यात काय असतं ते सांगतो, कारण तुमच्यातले बरेच जण बंधाऱ्यावर कामाला येतात, पण सकाळी सात वाजता चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन उभं राहायला वेळ मिळत नसणार.

गेल्या जानेवारीत पुतणीला घेऊन गेलो होतो. ती पुण्याला असते, सहावीत आहे. निफाडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाचवर येतो तेव्हा राज्यभर बातमी होते. त्या दिवशी पहाटे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागांमधे शेकोट्या पेटलेल्या होत्या, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून, आणि धूर वर न जाता तसाच वेलींच्या उंचीवर पसरलेला. चापडगावला पोचलो तर पाण्यावर धुकं, दिसत काहीच नव्हतं, पण आवाज! हजारो बदकांचा एकत्र आवाज असतो तो, त्यात मधेच चक्रवाकाची ती लांबवर जाणारी हाक. गाईड गावातलाच पोरगा, त्याने नुसत्या आवाजावर पाच-सहा जाती सांगितल्या.

धुकं उठलं तसं स्पॉटिंग स्कोप लावला. समोर थापट्यांचा मोठा थवा, पसरट चोचीने पाण्याचा वरचा थर गाळत गोल गोल फिरत होता. त्यांच्या मागे तलवार बदकं. पुतणी म्हणाली, काका ही उलटी का झालीयेत? डोकं आणि मान पाण्यात, शेपटी वर आकाशाकडे, पाय मारत तोल सांभाळायचा. मी तिला सांगितलं की ही बदकं बुडी मारत नाहीत, मान जेवढी खाली पोचते तेवढंच त्यांचं जेवण, तळातल्या बिया, कोंब, किडे. म्हणजे साधारण वीतभर, फार तर दीड वीत पाणी. त्याच्यापेक्षा खोल झालं की खाली अन्न भरपूर असूनही त्यांना ते नसल्यासारखंच. तिने लगेच विचारलं मग खोल पाण्यात कोण खातं. तर तिथे वारकरी होते ना, काळे, कपाळावर पांढरा टिळा, ते बुडी मारून वनस्पती वर आणतात, टिबुकल्या होत्या, पाणकावळे होते. आणि उलट बाजूला, जिथे पाणी जेमतेम घोट्याएवढं, तिथे शेकाटे लांब गुलाबी पायांवर चालत होते, त्यांच्याही पुढे ओल्या चिखलात लहान लहान चिखलपक्षी पळापळ करत चोच टोचत होते, आणि मधेच पिवळे धोबी. चमच्यांची एक रांग चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चालली होती, सगळ्यांची लय एक. मुग्धबलाक गाळातनं शिंपले काढत होते.

अर्धा तास ती एका जांभळ्या पाणकोंबडीकडेच बघत होती. पाणकणसाचा कोवळा दांडा त्या कोंबडीने चोचीने उपटला, मग पायाच्या लांब बोटांमधे धरला, अगदी मुठीत धरतात तसा, आणि वर उचलून सोलून सोलून खाल्ला. निळाजांभळा रंग, लाल चोच, ऊन पडल्यावर तर नजर हटत नाही. दुपारी खाणगाव थडीच्या बाजूला गेलो तिकडे पट्टकदंब बसलेले होते, डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले पक्षी निफाड तालुक्यात हरभऱ्याच्या शेताशेजारी पाण्यावर ऊन खात बसलेत, हे मला अजूनही प्रत्येक वेळी नव्याने भारी वाटतं.

हे एवढं वर्णन नुसतं छान वाटावं म्हणून केलेलं नाही. त्या दिवशी एवढ्या जाती एका नजरेत होत्या कारण पाणी एका खोलीचं नव्हतं. कुठे कमरेएवढं, कुठे वीतभर, कुठे घोट्याएवढं, कुठे नुसता ओला चिखल, आणि प्रत्येक पट्ट्यात ज्याचं त्याचं जेवण. आणि गाळामुळे तळ ताटासारखा सपाट आहे, त्यामुळे पातळी फूटभर बदलली की काठावर फूटभर फरक पडत नाही, एकरच्या एकर जमीन पाण्याखाली जाते नाहीतर उघडी पडते.

काही दिवसांनी परत गेलो तेव्हा नेमकं ते झालेलं होतं. पाणी चढलं होतं, कालव्याच्या मुखाशी पाणी लागायचं तर पातळी वर घ्यावी लागते हे मला कळतं. चिखलाचा पट्टा गायब, शेकाटे नाहीत, धोबी बांधावर येऊन बसलेले, थापटे पार लांब काठाला, गवताच्या कडेने. मग तिथून आणखी काही दिवसांनी पाणी झरझर उतरलं. काठच्या बाभळीच्या खोडावर पाण्याची ओली काळी रेघ माझ्या गुडघ्याच्या वर होती आणि पाणी तिथून पन्नास पावलं आत गेलेलं. मधल्या चिखलात शिंपले उघडे पडलेले, वरनं उन्हाने तोंडं वासलेले, काही मेलेले, काही अजून बंद. पहिले दोन दिवस मुग्धबलाकांना मेजवानी, त्यानंतर चिखल कडक, चोच शिरत नाही. आणि ज्या बेटावर पक्षी निर्धास्त झोपायचे तिथपर्यंत कोरडी वाट झाली, भटकी कुत्री सरळ चालत गेली. सगळा थवा उठला, वर दोन फेऱ्या मारल्या आणि वरच्या अंगाला निघून गेला.

पक्षी काय, उडून दुसरीकडे जातील, असं बरेच जण म्हणतात. जातात ना, पण उडायला ताकद लागते आणि ती ताकद खाण्यातनंच येते. हे पक्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे हजारो किलोमीटर येतात तेव्हा पार खंगलेले असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमधे परत जायच्या आधी त्यांना अंगावर चरबी चढवावी लागते, तेच त्यांचं इंधन. नेमक्या त्याच महिन्यांत दर आठ-पंधरा दिवसांनी जेवणाची जागा बदलली तर जी चरबी प्रवासाला हवी ती इथेच इकडून तिकडे उडण्यात जाते.

यात दारं चालवणाऱ्या माणसाचा काही दोष आहे असं मी अजिबात म्हणत नाही. त्याला वरून जेवढे क्युसेक सांगतात तेवढे तो सोडतो. त्याच्या पुढ्यातल्या कागदावर थापट्याची मान केवढी हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि म्हणूनच ते वरच्या कागदावर, नियोजनाच्या कागदावर यायला पाहिजे.

भरतपूरचं नाव आपण अभिमानाने घेतो तर भरतपूरचं पुढे काय झालं तेही बघावं लागेल. भरतपूर म्हणजे तिथलं केवलादेव घना उद्यान. तेसुद्धा माणसानेच बांध घालून, दारं बसवून केलेलं पाणथळ, १९८१ ला रामसर, १९८५ ला जागतिक वारसा. गंभीर नदीचं पाणी अजान बांधात येऊन तिथून उद्यानात यायचं. वर करौलीकडे पांचना धरण झालं, तिथल्या शेतकऱ्यांनी पाणी खाली सोडायला विरोध केला, त्यांचीही गरज खरीच होती, आणि दोन हजारच्या दशकात घना वर्षावर्षाला कोरडं पडत गेलं. बगळ्यांच्या वसाहती ओस पडल्या. शेवटी चंबळच्या पाइपलाइनमधनं आणि गोवर्धन ड्रेनमधनं पाणी आणायची सोय करावी लागली, खूप पैसा खर्च करून. पण त्या भांडणातनं एक गोष्ट झाली. घनाला वर्षाला साडेपाचशे दशलक्ष घनफूट पाणी लागतं हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आला. आता कमी मिळालं तर किती कमी मिळालं ते सांगता येतं, मागता येतं, छापता येतं. आपल्याकडे नांदूरमधमेश्वरच्या पक्ष्यांना हिवाळ्यात काय लागतं याचा असा कुठलाच आकडा तुमच्या बैठकीत नसतो. आपल्याला तर पाइपलाइनही टाकायची नाही, पाणी दारातनंच जातंय.

कायद्याचं पण एक सांगतो, धमकी म्हणून नाही, विचार व्हावा म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ काढून बघा. अभयारण्यात प्राणी मारायला, त्यांचा अधिवास बिघडवायला बंदी आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच कलमात अभयारण्यात येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं किंवा वाढवणं यालाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते असं लिहिलंय. बंधारा अभयारण्याच्या किती तरी आधीचा, कालव्यांचे हक्क जुने, हे मान्य. पण २००२ च्या दुरुस्तीत ज्यांनी पाण्याची ही ओळ कायद्यात घातली त्यांना तेव्हाच कळलं होतं की पाणी हलवलं की प्राण्याचं घर हलतं.

आता तुमच्या अडचणी. पहिली, समन्यायी वाटप. २००५ च्या कायद्याप्रमाणे जायकवाडी भरलं नाही तर वरून पाणी सोडायचं, साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर, ह्या सूत्राने २०२३ च्या नोव्हेंबरात तसं सोडलं गेलं तेव्हा नाशिक-नगरकडून केवढा विरोध झाला तो आपण सगळ्यांनी बघितला. त्यातलं नाशिककडचं पाणी ह्याच बंधाऱ्यावरून खाली जातं. मी त्याला विरोध करत नाहीये, मराठवाड्याचा तो हक्क आहे, आणि जायकवाडीचा जलाशय, नाथसागरसुद्धा १९८६ पासून पक्षी अभयारण्यच आहे, तिथेही हेच पाहुणे उतरतात. तिथल्या पक्ष्यांना पाणी नको आणि आमच्याच पक्ष्यांना हवं असं म्हणणारा पक्षीप्रेमी मी नाही. फक्त सुरुवातीचे आणि शेवटचे काही दिवस विसर्ग पायरी-पायरीने वाढवा आणि पायरी-पायरीनेच उतरवा. पूर असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळ्यात सायखेडा-चांदोरीत पाणी शिरतं तेव्हा दारं पूर्ण उघडायचीच, २०१९ चा ऑगस्ट आम्ही भोगलाय, तिथे पक्ष्यांचा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण, शेतकरी ओरडतील. तर मी शेतकरी म्हणूनच सांगतो, हळू उतरणारं पाणी आम्हालाही पाहिजे. फुगवटा एकदम उतरला की मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यात बुडवलेलं पाइपाचं तोंड, उघडा पडतो, मग रात्री-बेरात्री चिखलात उतरून पाइप पुढे सरकवायचा, नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा. जानेवारीत मणी फुगवणीच्या काळात दोन दिवस पाणी चुकलं तर नुकसान केवढं ते बागायतदाराला माहिती. रोज चार बोटं उतरलं तर आम्हीही सावध राहतो आणि पक्षीही, कारण रोज चार बोटं नवा ओला चिखल उघडा पडतो आणि रोज ताजं जेवण मिळतं. हळू उतरणारं पाणी चिखलपक्ष्यांना स्थिर पाण्यापेक्षाही चांगलं. म्हणजे पातळी एका जागी गोठवून ठेवा असं माझं म्हणणं नाहीच, तुम्हाला उतरवायचीच आहे तर ती त्यांच्या उपयोगी पडेल अशी उतरवा.

तिसरी, नक्की किती इंच चालेल हे कोण सांगणार. हे मी सांगू शकत नाही, आणि नुसत्या अंदाजाने सांगूही नये. पण उत्तर शोधायची सोय तयार आहे. वनविभाग अभयारण्यात दर महिन्याला पक्षीगणना करतो, गावातले गाईड आणि नाशिकचे पक्षीमित्र त्यात असतात, कुठल्या ठिकाणी कुठले पक्षी किती याची नोंद होते. तुमच्याकडे बंधाऱ्याच्या पातळीची रोजची नोंद असते. हे दोन कागद कधी शेजारी शेजारी ठेवून बघा ना! गेल्या दहा वर्षांच्या नोंदी एका टेबलावर आल्या तर कुठल्या पातळीला थापटे आणि शेकाटे दोन्ही राहतात, कुठल्या पातळीला निघून जातात, हे बऱ्यापैकी दिसेल. कॉलेजची पोरं सुट्टीत करून देतील हे काम, मी स्वतः बसायला तयार आहे. आणि रोजची पातळी तेवढी मनोऱ्यावर एका फळ्यावर लिहायची व्यवस्था झाली तर गाईड, मोटारवाले शेतकरी, मासे धरणारे, सगळ्यांनाच ती कामाची.

अजून एक, पाणवेलीचं. नाशिकपासून येणाऱ्या सांडपाण्यावर पाणवेली पोसतात आणि वाहत येऊन जलाशयात अडकतात. हा विषय फार मोठा आहे, महापालिकेपासून सगळे त्यात येतात, या पत्रात तो मी ओढत नाही. पण पाणी एकदम उतरलं की ह्याच वेली काठच्या उथळ भागावर बसून राहतात, आणि तोच भाग खाण्याचा, एवढं ध्यानात असू द्या.

२ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो, कार्यक्रम होतात, शाळेची मुलं येतात, मान्यवरांना बोलावतात. ते चांगलंच आहे. पण त्या दिवशीच्या हारतुऱ्यांपेक्षा ऑक्टोबरातल्या तुमच्या एका बैठकीत ह्या जागेचं जास्त भलं होऊ शकतं, म्हणून हे पत्र पाणथळ दिनाला न लिहिता आत्ता लिहितोय, नियोजन व्हायच्या आधी.

तेव्हा यंदाच्या बैठकीला अभयारण्याच्या अधिकाऱ्यांनाही बोलवा, त्यांना त्यांच्या गणनेचे तक्ते घेऊन यायला सांगा, आणि इतिवृत्तात ती एक ओळ घ्या. एकाच हिवाळ्यापुरती, प्रयोग म्हणून घेतली तरी चालेल. मार्चमधे आवर्तनाचे आकडे आणि पक्ष्यांचे आकडे दोन्ही बघू, सिंचनाचं काही अडलं असेल तर पुढच्या वर्षी ती ओळ काढून टाका. आणि बैठकीच्या आधी कधी चापडगावला यायचं ठरलं तर सकाळी सातच्या आत या, दुर्बीण मी आणतो.

आपला,
निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार आणि पक्षीमित्र